हँडलला बांधलेलं नाव

मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. अटलांटिक महासागर मी दीडशेच्या वर वेळा ओलांडला आहे, आणि तोसुद्धा विमानात माणसांच्या डोक्यावरच्या कप्प्यात बसून. आता मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला शुभा काकूंच्या घरी दाराजवळच्या कोटांच्या कपाटात असते. माझी चेन तुटली आहे, एक चाक कुरकुरतं, आणि पोटाभोवती परकराची नाडी बांधली आहे. पण मित्रांनो, चेन तुटल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड निळं कापड, दोन चाकं, ओढायला लांब दांडा आणि वर एक हँडल. ज्या बाईने माझी चेन शिवली तिने ती तीन वेळा वरखाली करून पाहिली होती. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिचा हात मला आठवतो. पुढे मी जहाजातून अमेरिकेत आले आणि एका दुकानात फळीवर बसले.

तिथे मला सत्यजितने उचललं. हा मूळचा नागपूरचा, पार्सिपनीत एका आयटी कंपनीत नोकरीला. त्याच्या कंपनीची गिऱ्हाइकं युरोपात होती. फ्रँकफर्ट, झुरिक, ब्रसेल्स. त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी त्याला रविवारी निघायचं आणि गुरुवारी परतायचं असे. तो दुकानात खिशात टेप घेऊन आला होता. त्याने माझी उंची मोजली, रुंदी मोजली, चाकांसकट पुन्हा मोजली. शेजारी त्याची बायको आश्लेषा उभी होती. ती म्हणाली, "अरे, बॅग घेतोयस की मुलगी बघतोयस?"

"ही बरोबर बसते गं," सत्यजित म्हणाला. "ही चेक-इन करायला नको, सामानाची वाट बघायला नको. हीच घेऊ."

घरी आल्यावर आश्लेषाने एक चामड्याचं छोटं लेबल माझ्या हँडलला बांधलं. त्यावर सत्यजितचं नाव आणि फोन नंबर कोरलेला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण आता कोणाच्या तरी आहोत.

कामाची ती वर्षं, काय सांगू तुम्हाला! सत्यजितचा बॅग भरण्यात हातखंडा होता. शर्ट गुंडाळून भरायचा, घडी घालून नाही. शॅम्पू, पेस्ट असलं सगळं एका पारदर्शक पिशवीत, आणि ती पिशवी सगळ्यात वर, म्हणजे विमानतळावर तपासणीच्या रांगेत हात घातला की बाहेर. लॅपटॉप पुढच्या कप्प्यात. पायात नाड्या नसलेले बूट. कंबरेला बक्कल नसलेला पट्टा. नेहमी प्रवास करणाऱ्यांसाठी एक वेगळी छोटी रांग असते, तिच्यासाठी त्याने अर्ज केला, मुलाखत दिली, बोटांचे ठसे दिले. मग काय विचारता? लोक बूट काढत उभे असायचे आणि आम्ही दहा मिनिटांत पलीकडे.

पलीकडे गेलं की तो माझा दांडा ओढायचा आणि हळूच म्हणायचा, "चल गं."

एवढंच. पण मला ते पुरायचं.

कधी चेक-इनच्या खिडकीवर विचारायचे, "ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?" तो ताठ मानेने सांगायचा, "हो, स्वतः." ऑफिसातली नवी पोरं पहिल्यांदा युरोपला निघाली की तो त्यांच्यापुढे मला उघडून दाखवायचा. "हे बघा, हिला तपासणीत आजवर एकदाही बाजूला काढलेलं नाही," असं म्हणायचा. मी फुगून जायचे. फुगायला नको होतं, चेनवर ताण येतो. पण कौतुक कोणाला नको असतं?

आमच्या समोरच्या घरात शुभा काकू राहायच्या. वय शहात्तर. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत आल्या, आता निवृत्त आणि एकट्या. सत्यजितची मुलगी आन्या शाळेतून सुटली की आईबाबा येईपर्यंत काकूंकडेच असायची. ती त्यांना शुभाआजी म्हणायची. एकदा सत्यजित ब्रसेल्सला आणि इकडे आन्याला सडकून ताप. काकू दोन रात्री तिच्या उशाशी बसल्या होत्या. सत्यजित परत आला तेव्हा त्यांच्या पाया पडला होता. मी दारातच होते, मी पाहिलं आहे.

आन्याला लोकरीचे गोंडे करायला काकूंनीच शिकवलं. काट्याच्या चमच्यावर लोकर गुंडाळायची, मध्ये गाठ मारायची आणि कडेने कापायची. पहिला गोंडा लाल होता, जरा वेडावाकडाच झाला. तो तिने माझ्या हँडलला बांधला. "Baba, now you won't lose it," ती म्हणाली. म्हणजे माझ्या एका बाजूला बापाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला लेकीचा गोंडा. अजून काय हवं?

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. हळूहळू विमानतळावरच्या रांगा वाढत गेल्या. कधी तपासणीला माणसं कमी, कधी यंत्र बंद. आमची ती छोटी रांगही मारुतीच्या शेपटासारखी लांबत चालली. दोनदा आमचं विमान चुकलं. सत्यजितचा चेहरा उतरू लागला, आणि "चल गं" ऐकू येईनासं झालं.

मग तो पर्याय शोधायला लागला. रविवारी गर्दी, म्हणून शनिवारी निघून पाहिलं. आन्या रुसली. दोन तासांवरच्या एका लहान विमानतळावरून जाऊन पाहिलं. तिथे रांग नव्हती, पण विमानंही फारशी नव्हती. फ्रँकफर्टला उतरून पुढचं विमान न घेता झुरिकला रेल्वेने जायला लागला. हे मात्र छान होतं. स्टेशनवर कोणी पोट उघडून बघत नाही, आणि खिडकीशेजारी बसायला मिळतं. शेवटी त्याने बऱ्याच मीटिंगा घरूनच सुरू केल्या. पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा. मी पलंगाखाली. तीन-तीन महिने माझी चेन कोणी उघडायचं नाही. न वापरलेली चेन धरते, तशी ती धरायला लागली. तिच्यावर कोणी एकदा मेणबत्ती फिरवली असती तरी काम झालं असतं. पण पलंगाखाली वाकतंय कोण?

गेल्या ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या गिऱ्हाइकाचं कंत्राट पुन्हा करायचं होतं. सोमवारी दुपारी समोरासमोर बसूनच बोलायचं, असा त्यांचा हट्ट. मला बाहेर काढलं, पुसलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

निघायच्या आदल्या दिवशी शुभा काकू आल्या. हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, वर डॉक्टरांची पांढरी चिकटपट्टी. "सत्यजित, एवढं नेशील का रे?" त्या म्हणाल्या. "माझी भाची रुचा फ्रँकफर्टला असते ना, तिची तिथली पहिली दिवाळी आहे."

आपल्या लोकांत कोणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या बॅगेत कोणाचं ना कोणाचं पुडकं असतंच. त्याला नाही म्हणायची पद्धत नाही.

आश्लेषा म्हणाली, "काकू, पार्सल करूया ना. मी मंडेला ड्रॉप करते."

"पार्सलने वस्तू पोचते गं," काकू म्हणाल्या. "माणसाबरोबर गेली की घरचं कोणी येऊन गेल्यासारखं वाटतं."

सत्यजितच्या कानात हेडफोन होता, ऑफिसचा कॉल चालू होता. त्याने हातानेच खूण केली, ठेवा, ठेवा. काकू तरी सांगत राहिल्या. "आमच्या आईचा पितळी सोऱ्या आहे. माझ्या मनगटात आता जोर नाही राहिला, म्हणून म्हटलं रुचाने वापरावा. आणि भांडं रिकामं पाठवू नये, म्हणून आत चकलीची भाजणी भरली आहे. चांगली दाबून भरली आहे, सांडायची नाही."

"हो हो काकू, नो प्रॉब्लेम," सत्यजित म्हणाला, आणि पुन्हा कॉलवर बोलू लागला.

हा सोऱ्या त्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या चकतीचा एक दात झिजलेला, त्यामुळे त्यातून पडलेल्या प्रत्येक चकलीला एका बाजूने काटेच नसायचे. आन्या तिला 'टकलू चकली' म्हणायची. दर दिवाळीला सत्यजित त्या चकल्या डबाभर संपवायचा. सोऱ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी काकूंच्या आईचं नाव घातलेलं होतं, 'सौ. मालतीबाई'. आणि चिकटपट्टीवर काकूंनी स्वतःचं नाव आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिला होता. त्यांचा शिरस्ताच तो. हॉस्पिटलात बाटल्यांवर पट्ट्या लावायची सवय, ती घरातल्या डब्यांनाही लागली होती.

सत्यजितने ते पुडकं न उघडता माझ्या पोटात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी भरली गेले, की आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं आणि मला होतं. पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी दुपारी आश्लेषाने आम्हाला विमानतळावर सोडलं. रांग पाहून सत्यजितने कपाळाला हात लावला. पाऊण तास गेला, मग कुठे मी पट्ट्यावर चढले आणि त्या अंधाऱ्या यंत्रात शिरले. नेहमीसारखं सरसर पलीकडे जायचं होतं. पट्टा थांबला. थोडा मागे आला, पुन्हा थांबला.

आता जरा त्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. त्याला काय दिसलं? धातूचं जाड नळकांडं. दोन्ही टोकांना आट्यांची झाकणं. आत ठासून भरलेली पूड. वरून दांडा. मित्रांनो, मी त्याला दोष देणार नाही. त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी कोणाला तरी. रांग थांबली, माणसं मागे सरकवली. मी एकटी पट्ट्यावर.

एक उंच, शांत आवाजाचा अधिकारी पुढे आला. त्याने इंग्रजीत विचारलं, "ही बॅग कोणाची आहे?"

सत्यजित माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. मी वाट पाहिली. इतकी वर्षं जो मला लोकांपुढे उघडून दाखवायचा, तो आता म्हणेल, माझी. तो मात्र घड्याळाकडे बघत राहिला.

अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका बाईने सत्यजितकडे बोट दाखवलं. मग तो म्हणाला, "हो. माझी."

"तुम्ही स्वतः भरलीत?"

"बॅग मी भरली," सत्यजित म्हणाला. त्याला घाम आला होता. "पण ती वस्तू माझी नाही. आत काय आहे मला माहीत नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने दिली. मी तिला फारसा ओळखत नाही."

फारसा ओळखत नाही! ज्या बाईच्या पाया पडला होता, तिला. मला पट्ट्यावरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे कुत्रं आलं, मला हुंगून गेलं. मग जाड हातमोजे घातलेला एक तज्ज्ञ आला. त्याने माझी चेन ओढली. ती धरलेली होती, अर्ध्यावर अडकली. त्याने पकड लावून ओढली, आणि चेनचे दात निखळले. ज्या चेनचा मला एवढा अभिमान होता, ती गेली. सोऱ्या बाहेर निघाला, झाकण फिरवलं गेलं आणि भाजणी टेबलावर पसरली. भाजलेल्या डाळींचा, धण्याजिऱ्याचा वास सुटला. यंत्राने पूड तपासली. तज्ज्ञाने मान हलवली आणि म्हणाला, "हे तर पीठ आहे."

"स्नॅकचं पीठ," सत्यजित खाली मान घालून म्हणाला.

संशय फिटला. पण या सगळ्यात तास उलटून गेला होता आणि विमान सुटायला पंचवीस मिनिटं राहिली होती. अधिकारी सज्जन होता. तो म्हणाला, "ही वस्तू केबिनमध्ये नेता येणार नाही. परत मागे जाऊन सामानात देता येईल. टपालाने घरी पाठवता येईल. किंवा घरचं कोणी येणार असेल तर आम्ही संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ. फक्त इथे नाव आणि फोन लिहा."

किती सोपं होतं, सांगा. आश्लेषाला एक फोन. ती अर्ध्या तासात आली असती. काकू तर धावत आल्या असत्या. पण त्या नाव लिहायच्या कागदाकडे सत्यजित असा बघत होता, जसा काही त्यातून विंचूच निघणार आहे. मला त्याची भीती कळते. त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज किती वर्षं अडकला होता, आणि रांगेतली ती खास सवलत गेली तर नोकरीचं काय, हे सगळं त्याच्या डोक्यात फिरत असणार. पण त्याचं नाव बोर्डिंग पासवर होतंच, चेहरा कॅमेऱ्यात होताच. एका कागदाने काय वाढणार होतं? भीतीला एवढा विचार कुठला असायला.

"कोणी येण्यासारखं नाही," तो म्हणाला. "फेकून द्या."

"बॅगसुद्धा?"

"बॅगसुद्धा. तशीही तुटली आहे."

त्याने लॅपटॉप काढला. शर्ट काढले, फाइल काढली, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं. मला अगदी तळापर्यंत रिकामं केलं. मला वाटलं, जाता जाता हँडलला हात तरी लावील. त्याने लावलाही. पण तो माझा निरोप घ्यायला नव्हे. त्याने आश्लेषाने बांधलेलं ते चामड्याचं लेबल सोडवलं आणि खिशात टाकलं. लाल गोंडा तेवढा राहिला. गोंड्यावर नाव नव्हतं ना.

मग तो पळत गेला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रागावू की रडू, मला काही कळेना. नऊ वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, त्याला माझ्यावरच्या आपल्या नावाचीच लाज वाटली.

अधिकाऱ्याने मला कचऱ्यात टाकलं नाही. त्याने हातांनी भाजणी गोळा केली, सोऱ्यात भरली, झाकण लावलं. चंदेरी कागद पुन्हा गुंडाळताना त्याला पांढऱ्या पट्टीवरचं नाव दिसलं. त्याने सोऱ्या माझ्या पोटात ठेवला आणि आम्हा दोघांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत नेऊन दिलं. तिथल्या बाईने पट्टीवरच्या नंबरावर फोन केला.

मंगळवारी सकाळी शुभा काकू टॅक्सी करून आल्या. अंगात जाड कोट, खांद्याला कापडी पिशवी. सोऱ्या पाहून त्यांनी तो पदराने पुसावा तसा कोटाच्या बाहीने पुसला. खोलीतल्या बाईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही बॅगही तुमचीच का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझी तुटलेली चेन पाहिली. लाल गोंडा हातात घेतला आणि तो कोणाच्या हातचा आहे ते त्यांना लगेच कळलं. जिथे लेबल होतं तिथे नुसती दोरीची खूण होती, तीही त्यांनी बोटाने चाचपली. त्या डॉक्टर होत्या, त्यांना काही समजावून सांगावं लागत नसे.

"हो," त्या म्हणाल्या. "ही पण माझी."

आणि कागदावर सही केली. मित्रांनो, जो प्रश्न सत्यजितला इतका जड गेला, त्याला एवढंच उत्तर होतं.

टॅक्सीत त्यांनी मला शेजारी बसवलं. मग माझ्यावर हात ठेवून स्वतःशीच म्हणाल्या, "घाईत असेल बिचारा. सांगेल आल्यावर."

त्यांनी घरी आणून माझ्याभोवती परकराची नाडी बांधली. उरलेल्या चेनवर मेणबत्ती फिरवली. आणि सोऱ्या पार्सल करायच्या आधी त्यांनी एक काम केलं. मनगटाला पट्टा बांधून त्यांनी स्वतः चकल्या पाडल्या. दोन दिवस लागले. चार चकल्या झाल्या की हात झटकायच्या, जरा बसायच्या, पुन्हा उठायच्या. मी कपाटाच्या फटीतून बघत होते. त्या कोणाची वाट बघत आहेत, हे मला ठाऊक होतं. मीही त्याचीच बघत होते. खरं सांगते, इतकं होऊनही माझी आशा सुटली नव्हती. तो येईल, खरं काय ते सांगेल, आणि मला घेऊन जाईल, असंच मला वाटत होतं.

शनिवारी तिघं आली. कोट कपाटात न ठेवता त्यांनी सोफ्यावरच टाकले. काकूंनी विचारलं, "काय रे, भेटली का रुचा?"

"अहो काकू, काय सांगू," सत्यजित म्हणाला. "सिक्युरिटीवाल्यांनी सोऱ्या काढून घेतला. मी खूप आर्ग्यू केलं. म्हटलं, आमच्या काकूंच्या आईचा आहे, त्या घरच्याच आहेत. ऐकायलाच तयार नाहीत. शेवटी फेकून दिला त्यांनी. आय ॲम सो सॉरी."

"आणि बॅग?"

"बॅग चाकातून गेली. तिकडेच नवीन घेतली."

 "असू दे," काकू म्हणाल्या. "तुला विमान मिळालं ना? झालं तर." आणि आत जाऊन चकल्यांचं ताट घेऊन आल्या.

सत्यजितने चकली उचलली आणि अर्धी तोंडात घातली. आन्याने एक उचलली, फिरवून पाहिली आणि खूश झाली. "टकलू चकली! शुभाआजी, but you said it went to Germany."

आश्लेषाने आन्याच्या हातातल्या चकलीकडे पाहिलं, मग सत्यजितकडे. सत्यजितचं चावणं थांबलं. उरलेली अर्धी चकली त्याच्या हातात होती, आणि तिच्या एका बाजूला काटे नव्हते. त्याला सगळं कळलं. मी कपाटात श्वास रोखून होते. आता बोल रे बाबा. अजून वेळ गेलेली नाही. काकू ताट धरून उभ्या आहेत, त्यांना फक्त एक वाक्य हवं आहे.

"छान झाल्यात काकू," सत्यजित म्हणाला.

काकूंनी ताट टेबलावर ठेवलं.

मग त्यांनी फराळ केला की नुसता चहा घेतला, मला आठवत नाही. निघताना आन्या टोपी शोधत कपाटापाशी आली आणि तिने दार सताड उघडलं. समोर मी. "Baba!" ती ओरडली. "Our bag! हे बघ, my pompom!"

सत्यजित आला. तो माझ्यापासून एका हातावर उभा राहिला. इतक्या जवळ तो विमानतळानंतर पहिल्यांदाच आला होता. त्याची नजर हँडलवर गेली, जिथे लेबल होतं तिथे, आणि तिथे आता पांढरी चिकटपट्टी होती. काकूंनी तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"तशीच दिसते बेटा," तो म्हणाला. "आपली नाही ही."

"But my—"

"बाबा बरोबर सांगतोय बाळा," काकू मागून म्हणाल्या. "त्याची नाही. माझी आहे."

त्यांनी सोफ्यावरचा कोट उचलून सत्यजितच्या हातात दिला. तो कोट घालताना त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. हाच कोट तो विमानतळावर घालून आला होता. लेबल अजून त्या खिशात असेल की नाही, मला सांगता येणार नाही. ते गेले. जाताना आश्लेषा दारात थांबली, काकूंचा पट्टा बांधलेला हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि तीही गेली.

सोऱ्या पार्सलने गेला, वर आत काय काय आहे त्याची यादी लावून. आठव्या दिवशी पोचला. त्या पार्सलातसुद्धा काकूंनी भाजणी दिली होती, पण या वेळी वेगळ्या पिशवीत. माझ्यात त्यांनी आन्याची लोकर आणि काट्याचे चमचे ठेवले आहेत, कारण भांडं काय आणि बॅग काय, त्यांना रिकामी बघवत नाही. आन्या अजून शाळेतून इकडेच येते. समोरच्या घरातून कधी रविवारी दुपारी चाकांचा आवाज येतो. नव्या बॅगेला चार चाकं आहेत, ती अजिबात कुरकुरत नाही. तिला तो "चल गं" म्हणतो की नाही, ते ऐकायला मी कान लावते आणि मग माझाच मला राग येतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुन्या बॅगा असतील. त्यांच्या चेनवर वर्षातून एकदा मेणबत्ती फिरवा. कोणाचं पुडकं नेणार असाल तर ते उघडून बघा, आणि देणारा काय सांगतो ते कान देऊन ऐका. नेता येत नसेल तर नाही म्हणा, देणारा समजून घेतो. आणि वस्तू खरंच निकामी झाली तर खुशाल टाकून द्या, आम्ही काही अमर नाही. पण टाकण्याआधी कोणी विचारलं, ही कोणाची, तर एकदा 'माझी' म्हणा. मग टाका.